न घासलेले नाव

स्टीलच्या पिंपाच्या नळाखाली ग्लास धरला की ती घटना अजूनही माझ्यापुढे येऊन उभी राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, कितीतरी प्रेतांचे पंचनामे केले. त्यांतले बरेच आता पुसट झाले आहे. एका टेम्पोत मावेल एवढ्या मालाची ही चोरी मात्र मला सोडत नाही. खटला अजून चालू आहे, म्हणून इथे कुणाचेही नाव देणार नाही. खरे म्हणजे ही सगळी गोष्ट नावांचीच आहे आणि मला ती एकही नाव न घेता सांगायची आहे.

मी तेव्हा अंबरनाथ पूर्वेच्या बाजूला सहायक निरीक्षक होतो. शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागे समाजमंदिराची एक खोली कित्येक वर्षे पडून होती. आत पत्ते चालत. मागच्या भिंतीपाशी खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांचा खच असे. आम्ही अधूनमधून तिथे गाडी न्यायचो, हाताला लागतील ती पोरे उचलायचो, दम देऊन सोडायचो आणि स्टेशन डायरीत कारवाई केल्याची नोंद करायचो. दुसऱ्या दिवशी बाटल्या पुन्हा तिथेच.

त्याच वस्तीत पोळी-भाजीचे डबे करणारी एक बाई राहत होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिचा थोरला मुलगा त्याच बाटल्यांपायी गेला. त्याचे दिवस झाल्यावर तिने पालिकेत खेटे घालून त्या खोलीची किल्ली मिळवली. तिथे पोरांसाठी केंद्र काढायचे, असे तिने ठरवले. संध्याकाळी बसायला जागा, व्यायामाचे सामान, अभ्यासाला टेबल आणि प्यायला थंड पाणी. याहून मोठे काही तिच्या डोक्यात नव्हते.

वर्गणी मात्र तिने वेगळ्या तऱ्हेने जमवली. रोख रक्कम ती घेतच नसे. "पैसा आला की पोरांच्या आधी मोठी माणसं येऊन बसतात," ती म्हणायची. दारात उभी राहून ती एकच मागणे मागायची. घरातल्या गेलेल्या माणसाच्या नावाने एक वस्तू द्या, त्यावर नाव घालून ती पोरांना वापरायला देते. आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर टिंब टिंब करून नाव घालतात, देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर लाल रंगात 'यांच्या स्मरणार्थ' लिहितात. तीच पद्धत तिने उचलली. गेलेल्या माणसासाठी कुणी नाही म्हणत नाही, हे तिला चांगले ठाऊक होते.

उल्हासनगरच्या एका सिंधी फर्निचरवाल्याने टेबले दिली. "अम्मा, मेरा नाम मत डालना, मेरा तो दुकान पे इतना बड़ा लिखा है. पिताजी का डालो, उनको पढ़ने का बहुत शौक था," असे म्हणून त्याने स्वतःच्या टेम्पोने ती पोहोचवली. कंपनीत वेल्डिंग करणाऱ्या दोघा भावांनी पाइप जोडून व्यायामाचा डबल बार बनवला आणि त्यावर आईचे नाव कोरले. कुणी पंखे दिले, कुणी कॅरमबोर्ड, कुणी पोरांच्या नाश्त्यासाठी ताटे आणि ग्लास. बदलापूरच्या कुळगावातल्या एक आगरी आजी दर सोमवारी शिवमंदिरात येत. मंदिराच्या पायरीवर मावशीची आणि त्यांची ओळख झाली. त्यांनी नवऱ्याच्या नावाने नळ बसवलेले मोठे स्टीलचे पिंप दिले. वर्षभरात ती खोली पोरांनी भरली. बाटल्या कमी झाल्या. आमची गाडी तिकडे जायची बंद झाली. आम्हाला वाटले, आमच्या दमदाटीचा परिणाम.

कुळगावच्या त्या आजींचा मुलगा राजकारणात होता. जमिनी, बांधकाम, पक्षाचे पद, सगळे त्याच्याकडे होते. त्याला भाऊ म्हणत. तोही एकदा बॅनर आणि फोटोग्राफर घेऊन केंद्रावर आला होता. सगळा खर्च मी देतो, फक्त दारावर माझ्या नावाचा बोर्ड लागेल, असे त्याचे म्हणणे होते.

"नाव वस्तूवर घालते भाऊ, दारावर नाही," मावशी म्हणाली.

"अहो मावशी, मी एकेक वस्तू नाही देत. मी सगळंच देतो."

"मग सगळ्यावर तुमचंच नाव येणार. आमची गेलेली माणसं कुठे जाऊन बसतील?"

पोरे हसली. भाऊबरोबर आलेले दोघे-तिघेही हसले. आपल्याच माणसांसमोर झालेली ती फजिती भाऊ विसरला नाही. हा प्रसंग मावशी मला चोरीच्या दिवशीच सांगत होती. तो ऐकून घ्यायला मला वेळ नव्हता.

चोरी झाली महाशिवरात्रीच्या जत्रेत. त्या दिवशी आमचे सगळे ठाणे मंदिराभोवती उभे असते. रांगा, चपलांचे ढीग, हरवलेली मुले, खेळण्यांच्या पिपाण्या. सगळी वस्तीही तिकडेच लोटलेली. दिवसाढवळ्या एखादा टेम्पो मागच्या गल्लीत लागला आणि माल भरून निघून गेला, तर विचारणारे कोणी नव्हते. जत्रा संपल्यावर मावशीने कुलूप तुटलेले पाहिले. खोलीत फक्त भिंती उरल्या होत्या.

पंचनाम्याला मी गेलो तेव्हा पाय सुजले होते आणि डोके तापले होते. हवालदार लिहीत होता. मावशी त्याच्या शेजारी उभी राहून सांगत होती.

"नुसतं ताट-ताट काय लिहिता? प्रत्येकावर नाव आहे. नावं लिहा."

"मावशी, वस्तू लिहिल्या, पुरे झालं," मी म्हणालो. "ही मयतांची यादी नाहीये."

"वस्तू कुणाचीही असते साहेब. नाव एकाचंच असतं. हे पिंप, कुळगावच्या आजींनी मालकांच्या नावानं दिलेलं..." तिने ते पूर्ण नाव आडनावासकट घेतले.

"अरे वा! म्हणजे भाऊंच्या वडिलांचं! मग आम्ही कशाला, भाऊच शोधून देतील." माझ्या या विनोदावर हवालदार हसला. पंचही हसले. पंचनाम्यात 'स्टीलचे पिंप, नग एक' एवढेच लिहिले गेले. त्या दिवशी मी नावे लिहून घेतली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. अक्कल असून मी ती वापरली नाही, याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवशी भाऊचा फोन आला.

"साहेब, बंदोबस्त एक नंबर झाला बरं का जत्रेचा. आणि ते केंद्राचं ऐकलं. वाईट वाटलं. पण बाहेर शोधू नका. तिथलंच पोरगं आहे." त्याने नाव सांगितले. "जुना नशेबाज आहे. सवय जाते का साहेब? विकलं असेल भंगारात. माझ्या पोरांनी त्याला जत्रेच्या दिवशी तिकडे फिरताना बघितलंय."

मोठा माणूस स्वतःहून टीप देतो तेव्हा त्याला त्यातून काय मिळते, हे आधी पाहायचे असते. नवीन फौजदारांना मी हे शिकवत असे. पण त्या दिवशी मी ते पाहिले नाही. वरिष्ठांना लवकर निकाल हवा होता आणि मला झोप हवी होती.

तो तरुण विशीतला होता. एकदा बाटल्यांसह सापडल्याने त्याचे नाव आमच्याकडे होते. केंद्र सुरू झाल्यापासून तो सुधारला होता. कंपनीत कंत्राटावर कामाला लागला होता आणि संध्याकाळी लहान पोरांना व्यायाम शिकवायचा. आम्ही त्याला कंपनीच्या गेटवरून, सगळ्यांच्या देखत उचलले.

"जत्रेच्या दिवशी केंद्रावर गेला होतास का?"

"गेलो होतो ना साहेब. पाणी भरायला. पिंप रोज मीच भरतो."

"कुलूप कसं उघडलंस?"

"चावी हाय माझ्याकडे. मावशीने दिली."

"मग चावी असून कुलूप तोडलंस, आमची दिशाभूल करायला?"

"साहेब, मैं क्यूँ तोडूँगा? माझंच हाय ते सगळं."

'माझंच आहे' हे त्याने कोणत्या अर्थाने म्हटले, ते कुणालाही कळले असते. मी तोच कबुलीचा धागा धरला. आधी थप्पड मारली. मग पट्टा मागवला. वैद्यकीय तपासणीत दिसणार नाही अशा जागा आम्हाला पाठ असतात. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहायला हवे. पोलिसांच्या आठवणींत चौकशीच्या पानावर नेहमी 'विश्वासात घेऊन विचारले असता' असे छापतात. मी त्याला विश्वासात घेतले नाही. मी त्याला मारले.

दुपारनंतर तो म्हणाला, "विकलं साहेब."

"कुणाला?"

"तुम्ही सांगा, कुणाला सांगू?"

तिथे मी थांबायला हवे होते. पण मीच म्हणालो, "भंगारवाल्याला ना?" तो म्हणाला, "हो, भंगारवाल्याला." कुठल्या? उल्हासनगरच्या. कोणता? अनोळखी. मुद्देमाल एकही मिळाला नाही, पण कबुली मिळाली म्हणून ठाण्यात चहा झाला. ती कबुली न्यायालयात टिकत नाही, हे आम्हा सर्वांना माहीत होते. पण बातमी छापून यायला ती पुरते. 'केंद्रातील तरुणानेच साहित्य विकले' अशी ती छापून आली. ज्या घरांनी आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने वस्तू दिल्या होत्या, त्याच घरांतून लोक मावशीला बोलू लागले. अशा पोरांवर विश्वास ठेवलास, आमच्या माणसाचे नाव भंगारात गेले.

मावशी ठाण्यात आली. पुढे झाली आणि थेट माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेब, टेबलं काय तो डोक्यावर घेऊन गेला? आणि डबल बार खांद्यावर? जत्रेच्या गर्दीतून?"

"साथीदार असतील. शोध चालू आहे."

"शोध नका चालू ठेवू. जरा विचार चालू करा."

कक्षातले दोघे हसले आणि मी तिला बाहेर काढायला सांगितले. तो तरुण कोठडीतून हे ऐकत होता.

याच आठवड्यात कुळगावात भाऊच्या नव्या युवा केंद्राचे उद्घाटन होते. बाहेरून मोठे पाहुणे येणार म्हणून आजूबाजूच्या ठाण्यांतून बंदोबस्त मागवला होता. त्यात मी होतो. जुन्या गावठाणालगतचा नवा हॉल. दारावर भाऊचे नाव, दाराएवढेच मोठे. भाषणे झाली. भाऊ माइकवर म्हणाला, "काही लोकांनी केंद्र काढलं आणि ते नशेबाजांच्या हातात दिलं. आपण तसं करणार नाही. इथे शिस्त असेल." टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या. गणवेशात असताना हात आपोआप वाजतात.

ऊन होते. मी पाणी प्यायला हॉलच्या कोपऱ्यात गेलो. नळाखाली ग्लास धरला आणि पिंपावर बारीक टिंबांत घातलेले नाव वाचले. पूर्ण नाव, आडनाव, खाली 'यांच्या स्मरणार्थ'. मावशीने पंचनाम्याच्या वेळी घेतलेले तेच नाव, ज्यावर मी विनोद केला होता.

पहिला विचार आला तो असा, की वडिलांचे नाव आहे, भाऊने स्वतःच बनवून घेतले असेल. मला तसेच मानायचे होते, कारण ते सोयीचे होते. पण हातातल्या ग्लासाला बोट लागले. एका बाजूला स्टील खरखरीत होते. फिरवून पाहिले. मशीनने घासलेला बोटभर पट्टा. शेजारच्या ताटांच्या चवडीतले एक उलटे केले. काठापाशी तसाच पट्टा. दुसरे, तिसरे, सगळी तशीच. वर पाहिले. पंखे संथ फिरत होते आणि त्यांची पाती कालपरवाच रंगवलेली वाटत होती. जुन्या पात्यांवर ताजा पांढरा रंग. टेबलाखाली वाकलो, तर फळीच्या आतल्या बाजूला देवनागरीत नव्हे, सिंधी अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते. ते त्यांच्या नजरेतून सुटले होते.

त्यांनी सगळी नावे घासली होती. एकच सोडले होते.

"काय साहेब, पाणी गार आहे ना?" भाऊ मागे उभा होता. त्याने पिंपावर हात ठेवला. "वडिलांच्या नावाचं. त्यांना पोरांबद्दल फार जिव्हाळा होता."

मी ग्लास विसळून ठेवला. "गार आहे," म्हणालो. त्या वेळी आणखी काही बोलायची हिंमत झाली नाही.

ठाण्यावर परतल्यावर मी त्या तरुणाला बाहेर बोलावले. आधी पट्टा कपाटात ठेवून कुलूप लावले, ते त्याने पाहिले.

"खरं सांग. तू केलंस का?"

"सांगितलं ना साहेब. मीच केलं."

"आता मारणार नाही."

"मग परत कशाला विचारता?" त्याने मान वर केली नाही. "आज नाय बोललो, तर उद्या परत मारणार. राहू द्या साहेब, लिहिलंय ते लिहिलंय."

मी मारून काढलेली कबुली आता मलाच मागे घेता येत नव्हती. पुरावा शोधण्याशिवाय वाट नव्हती, आणि तो शोधायला या वेळी मला कुणी वरून फोन केलेला नव्हता.

भांडी घासून चकचकीत करणाऱ्या मशीनी उल्हासनगरच्या कॅम्पात एका गल्लीत आहेत. साध्या कपड्यांत मी आणि एक शिपाई दुकान दुकान फिरलो. तिसऱ्या-चौथ्या दुकानाचा मालक आधी कानावर हात ठेवत होता. मी त्याच्यापुढे भाऊच्या हॉलमधून गुपचूप आणलेले एक ताट ठेवले आणि काही न बोलता स्टुलावर बसलो. गप्प बसलेल्या पोलिसाला लोक जास्त घाबरतात, हे माझ्या नोकरीतले निरीक्षण आहे.

"साहब, भाऊ का आदमी लाया था," तो शेवटी बोलला. "बोला पुराना माल है, नाम निकाल दो. मैंने निकाला. मेरा तो धंदा है."

"पिंप?"

"पिंप मैंने मशीन पे चढ़ाया, तो वो चिल्लाया. रुक, रुक! इसपे भाऊ के बाप का नाम है. फोन किया. भाऊ बोला, बाप का नाम कोई घिसता है क्या? उसको हाथ मत लगाओ. तो नहीं लगाया."

त्या माणसाला दुसऱ्यांच्या बापांची, आयांची, मुलांची नावे घासताना काहीही वाटले नव्हते. स्वतःच्या बापाच्या नावावर मात्र मशीन चालवायला जीभ रेटली नाही. पिंप आपल्या आईने दिलेले आहे, हे तोवर त्याला माहीतही नव्हते. वडिलांचे नाव दिसले, म्हणजे घरचेच काहीतरी, एवढाच विचार. चोरीचा माल घासायला पाठवतानाही पुत्रधर्म पाळणारा हा माणूस मला कोणत्याही दरोडेखोरापेक्षा जास्त किळसवाणा वाटतो.

वरिष्ठांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पिंप माझंच आहे म्हणेल तो. बापाचं नाव आहे त्यावर. मग काय करशील?"

मी कुळगावात गेलो, बरोबर महिला शिपाई घेऊन. आजी ओटीवर सुकट निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसलो.

"आजी, आजोबांच्या नावाचं पिंप तुम्ही कुणाला दिलंत?"

"पोरांना. देवलाजवलच्या त्या बायच्या पोरांना."

"मुलाला नाही दिलं?"

"त्याला कशाला देवू? त्याच्या घरान काय कमी हाय?" त्यांचे हात सुकटीत थांबले. "का रं बाबा? काय झालं?"

मी सांगितले. जेवढे कमी शब्द वापरता येतील तेवढे वापरले. आजींनी सुकट बाजूला सारली. मग पदराला हात पुसले.

"माज्या पोराला मना इचारायचं नवतं का? मीच नवा दिला असता." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "त्या पोऱ्याला मारलंव का तुमी?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग दोगंबी सारकेच," आजी म्हणाल्या. "आन त्यो कागद. अंगठा कुठं लावायचा?"

त्यांच्या जबाबावर आम्ही हॉलवर छापा घातला, माल जप्त केला, घासणाऱ्याचा जबाब घेतला, टेम्पो चालवणाऱ्या दोघांना अटक केली. भाऊचे नाव गुन्ह्यात घ्यायला मला वरिष्ठांशी भांडावे लागले. त्याने अटकपूर्व जामीन घेतला आणि आठवड्याभरात कुठल्याशा कार्यक्रमात पुन्हा हार घालून घेतला. आजी मुलाचे घर सोडून लेकीकडे गेल्या. तेवढी शिक्षा त्याला झाली आहे. न्यायालयाकडून दुसरी कोणती होईल, याची मी अजून वाट पाहतो आहे.

खरा अन्याय पुढेच झाला. जप्त केलेला सगळा माल मुद्देमाल म्हणून आमच्या ठाण्याच्या आवारात आला. टेबले पावसात फुगली. डबल बार गंजला. पिंपात कुणीतरी जुन्या फायली भरल्या. मावशी माल परत मागायला न्यायालयात आणि ठाण्यात फेऱ्या मारत राहिली. ज्यांची नावे वस्तूंवर होती, त्यांच्या घरी समन्स गेली. त्यांना पुन्हा पुन्हा तारखांना बोलावले गेले, आणि भाऊची माणसेही घरी जाऊन आली. ज्यांनी श्रद्धेने आपल्या माणसाचे नाव घातले होते, ते आता नाव घातल्याचा पश्चात्ताप करू लागले. चोराने केंद्र एकदा रिकामे केले. आम्ही ते कायद्याने रिकामे ठेवले.

तो तरुण सुटला. त्याच्याविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल मी न्यायालयाला पाठवला होता. ठाण्याच्या गेटवर तो थांबला.

"साहेब, वस्तीत काय सांगू?"

"सांग, सुटलो."

"सुटलो ते दिसतंय सगळ्यांना. केलं नव्हतं, ते कोण सांगणार?"

मावशीनेही तेच मागितले होते. केंद्रासमोर ज्यांनी वस्तू दिल्या त्यांना बोलावते, तुम्ही येऊन दोन वाक्ये बोला, असे ती म्हणाली. मी सांगितले, आमच्या नियमांत बसत नाही. असा कोणताही नियम नाही. मी कधी शोधलाही नाही. त्याची कंत्राटावरची नोकरी गेली. पुढे काही वर्षांनी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना तब्येतीचे कारण सांगितले.

मागच्या वर्षी कळले की मावशीने पुन्हा केंद्र उभे केले आहे. पुन्हा दारोदार फिरली, पुन्हा वस्तू मागितल्या. लोकांनी दिल्या. मला वाटले, आपणही द्यावे. मी नळाचे स्टीलचे पिंप घेतले, त्यावर माझ्या वडिलांचे नाव घालून घेतले आणि रिक्षात टाकून केंद्रावर गेलो. दारात तोच तरुण उभा होता. आता केंद्र तोच सांभाळतो. दाढीत एखादा पांढरा केस आला आहे. मावशी आत खुर्चीवर बसली होती. तिने मला पाहिले, मग रिक्षातल्या पिंपाकडे पाहिले.

त्याने पिंप रिक्षातून उतरवून घेतले. फिरवून पाहिले. नावावर बोट फिरवले.

"साहेब, इथे आता नाव घालत नाय आम्ही. कुणाचंच. लोक घाबरतात. कोर्टात जायला लागतं."

"ठीक आहे. पण हे घातलंय आता."

"मग घासून आणा." तो रागाने बोलत नव्हता. "घासणारा कुठे बसतो, ते तुम्हाला माहीत हायच."

मी वर्गात उभे केलेल्या मुलासारखा उभा राहिलो. मग पिंप पुन्हा रिक्षात टाकले आणि उल्हासनगरच्या त्याच गल्लीत गेलो. दुकान तेच होते. मालकाने मला ओळखले. नाव वाचले, आडनाव पाहिले.

"साहब, ये आपका..."

"हो. वडिलांचं. घिस दो."

"पक्का?"

मशीन चालू झाले. वडिलांचे नाव निघत असताना मी तिथेच उभा राहिलो. मान वळवून घ्यायची इच्छा होत होती, तरी वळवली नाही. भाऊला जे जमले नाही ते मला जमले, असे म्हणून मी मोठा होत नाही. माझ्या वडिलांचे नाव मी आधीच, त्या कोठडीत, घासून टाकले होते. आता फक्त स्टीलवरचे निघाले.

संध्याकाळी मी पिंप घेऊन परत गेलो. पोरे जमली होती, काही आईवडीलही मुलांना घ्यायला आले होते. पिंप खाली ठेवल्यावर मी जायला निघालो नाही. मावशीला म्हणालो, "दोन वाक्यं बोलायची राहिलीत."

तिने पोरांना गप्प केले. मी त्या तरुणाचे पूर्ण नाव घेतले. म्हणालो, याने चोरी केली नव्हती. मी त्याला मारून कबूल करायला लावले. मग माझे पूर्ण नाव आणि त्या वेळचा हुद्दा सांगितला. इतक्या वर्षांनी ते ऐकून कुणाचे काही बदलणार नव्हते. मागे एक छोटा मुलगा शेजारच्याला विचारत होता, "कोण रे हा?"

तपास म्हणजे गुन्हेगार शोधणे, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले. या केसने मला शिकवले की निरपराध माणसाला त्याच्या वस्तीत, त्याच्या माणसांसमोर त्याचे नाव परत देणे हाही तपासाचाच भाग आहे, आणि तो कुणी करत नाही. आम्ही फाईल बंद करतो. ज्याचे नाव तिच्यात चुकून गेले, त्याने ते स्वतःच घासत बसावे, अशी आमची अपेक्षा असते.

बोलून झाल्यावर मला वाटले, तो काहीतरी म्हणेल. त्याने पिंपाचा नळ उघडझाक करून पाहिला, गळत नाही याची खात्री केली आणि पोरांना हाक मारली.

"एक जण इकडून पकडा. तिकडे भिंतीपाशी. नळ बाहेरच्या बाजूला येऊ द्या."

मी दुसऱ्या बाजूने पकडले.